पिंग जातो, फोल्डर मात्र दिसत नाही

शंका-समाधान : घरचे नेटवर्क

एकाच घरात विंडोज, मॅक आणि लिनक्स नांदत असतील तर कुरबुरी ठरलेल्या. या अंकात त्याच विषयावरच्या शंका एकत्र घेतल्या आहेत. उत्तरांतल्या आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना अक्षरे, आकडे आणि चिन्हे इंग्रजी कीबोर्डवरचीच हवीत. उदाहरणांत राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ धरला आहे, तुमच्याकडे वेगळा असू शकतो.

प्रश्न : विंडोज ११ च्या लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडले की फक्त त्याचे स्वतःचेच नाव दिसते. त्याच वाय-फायवर उबुंटूचा डेस्कटॉप आणि एक मॅकबुक आहे. मॅकवरून उबुंटू दिसतो. इंटरनेट तिन्हींवर व्यवस्थित. 'एसएमबी १ चालू करा' असा सल्ला मिळाला आहे. करावे का?

उत्तर : नको. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होईल. एसएमबी १ ही फाइल-शेअरिंगच्या प्रोटोकॉलची फार जुनी आवृत्ती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला तो तिच्यातल्याच भोकातून. त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ती मुळातच बंद असते. उबुंटूवर शेअरिंगचे काम पाहणाऱ्या सांबानेही २०१९ मध्ये, ४.११ या आवृत्तीपासून, ती आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे तुम्ही विंडोजवर ती चालू केलीत तरी समोरून उत्तर येणार नाही. वाढेल तो फक्त धोका.

यादीत नाव दिसणे वेगळे आणि त्या मशीनपर्यंत पोचता येणे वेगळे. विंडोज आजूबाजूची मशिन्स डब्ल्यूएस-डिस्कव्हरीने शोधतो, यूडीपी पोर्ट ३७०२ वर (पोर्ट म्हणजे इथे मशीनचा क्रमांक दिलेला दरवाजा, यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती). मॅक आणि उबुंटू आपले नाव बॉनझूर किंवा अवाहीमार्फत यूडीपी ५३५३ वर जाहीर करतात. दोघेही आपापल्या फळ्यावर नाव लिहितात आणि दुसऱ्याचा फळा वाचत नाहीत. म्हणून मॅकला उबुंटू दिसतो आणि विंडोजला दिसत नाही. 'नेटवर्क'ची खिडकी ही तपासणीची जागा नव्हेच. तिच्यात काय दिसते यावरून काही ठरवू नका.

आधी उबुंटूचा पत्ता काढा. टर्मिनलमध्ये 'होस्टनेम -आय' (हा आय कॅपिटल) दिले की मिळतो. समजा तो १९२.१६८.१.२० आहे. आता विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या पत्त्याच्या पट्टीत \\१९२.१६८.१.२० असे टाइप करून एंटर दाबा. फोल्डर उघडला किंवा पासवर्ड विचारला गेला तर नेटवर्क धडधाकट आहे, तक्रार फक्त यादीपुरती आहे. मग त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून टाका आणि विषय संपवा. नाव यादीत दिसायलाच हवे असेल तर उबुंटूवर डब्ल्यूएसडीडी हे पॅकेज बसवा, आणि फायरवॉल चालू असेल तर यूडीपी ३७०२ व टीसीपी ५३५७ ही पोर्ट उघडा. पाच मिनिटांचे काम आहे, पण मॅप केलेला ड्राइव्ह रोजच्या वापराला त्याहून सोयीचा पडतो.

फोल्डर उघडलाच नाही तर पुढचा शोध याच क्रमाने घ्या. पहिल्यांदा कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, म्हणजे 'पिंग १९२.१६८.१.२०' देऊन समोरचे मशीन उत्तर देते का ते पाहणे. उत्तर आले तर ठीक. नाही आले तरी लगेच 'संपर्क नाही' असे समजू नका, कारण पिंगला उत्तर न देणे ही कित्येक फायरवॉलची सवय आहे. विंडोजचे नेटवर्क 'पब्लिक' ठरलेले असेल तर तोही गप्प बसतो. पिंग करून झाल्यावर लगेच त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एआरपी -ए' द्या. यादीत १९२.१६८.१.२० समोर त्या मशीनचा मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख-क्रमांक, मॅक संगणकाशी त्याचा संबंध नाही) आला असेल तर दोन्ही मशिन्स एकाच नेटवर्कवर आहेत आणि पिंगची अडवणूक फायरवॉलची आहे. ओळच नसेल, किंवा मॅकवर 'इनकम्प्लीट' असे आले, तर दोन मशिन्समध्ये रस्ताच नाही. तेव्हा राउटरकडे वळा. एक जण 'गेस्ट' वाय-फायवर असणे किंवा राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' (वाय-फायवरच्या मशिन्सना एकमेकांशी बोलू न देणारी सोय) चालू असणे, बहुतेक वेळा यातलेच एक निघते. फायरवॉल पिंग गिळू शकते, पण एआरपीला सहसा हात लावत नाही. म्हणून ही खूण भरवशाची.

रस्ता आहे असे ठरल्यावर पोर्ट ४४५ पाहा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.२० -पोर्ट ४४५', मॅक वा लिनक्सवर 'एनसी -व्हीझेड १९२.१६८.१.२० ४४५'. एनसीच्या उत्तरात तर निदानच असते. 'रिफ्यूज्ड' असे झटकन आले तर पलीकडे सांबा चालूच नाही. बराच वेळ काहीच न होता 'टाइम-आउट' झाले तर फायरवॉल पाकिटे टाकून देते आहे. उबुंटूवर 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ सांबा' हा त्यावरचा उपाय. समोर फेडोरा (लिनक्सचाच एक प्रकार) असेल तर तिची फायरवॉल गुपचूप टाकून न देता नकार कळवते आणि आपल्याला 'नो रूट टू होस्ट' असे दिसते. ते वाचून लोक केबली उपसत बसतात. रस्ता शाबूत असतो, फायरवॉलमध्ये सांबा ही सेवा जोडायची राहिलेली असते.

उलट्या दिशेने, म्हणजे मॅक किंवा उबुंटूवरून विंडोजकडे येताना अडत असेल तर विंडोजचे नेटवर्क 'प्रायव्हेट' करा (सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग चालू जोडणीचे गुणधर्म) आणि 'अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा. वर्कग्रुपचे नाव सगळीकडे सारखे करत बसायची गरज नाही. तो सल्ला एका जुन्या काळातला आहे.

प्रश्न : मॅकवरून विंडोजच्या शेअर केलेल्या फोल्डरला जोडताना पासवर्ड चुकीचा असल्याचे येते. तोच पिन टाकून मी रोज विंडोज उघडते. शिवाय विंडोजवरून घरातल्या जुन्या नेटवर्क ड्राइव्हकडे गेले की 'तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे' प्रवेश नाही असे येते. घरात कसली संस्था?

उत्तर : पिन हा पासवर्ड नव्हे, मेख इथेच आहे. विंडोजचा पिन त्या एकाच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर मॅकच्या चौकटीत नाव म्हणून खात्याचा पूर्ण ई-मेल आणि पासवर्ड म्हणून त्या खात्याचाच पासवर्ड लागतो. त्यातही एक खोच आहे. पासवर्ड मध्यंतरी ऑनलाइन बदलला असेल आणि विंडोजमध्ये मात्र तुम्ही रोज पिननेच शिरत असाल, तर त्या मशीनला नवा पासवर्ड ठाऊकच नसतो. एकदा पिनऐवजी पासवर्ड टाकून साइन-इन केले की तो जुळतो.

या भानगडीत न पडता शेअरिंगपुरते एक वेगळे स्थानिक खाते काढणे उत्तम. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्स, अॅड अकाउंट असे जा. ई-मेल विचारला की 'माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही' या अर्थाचा पर्याय घ्या, पुढच्या पानावर 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय' हा पर्याय मिळेल. नाव इंग्रजी अक्षरांत, लहान आणि जागा न सोडता ठेवा. पासवर्ड रिकामा ठेवू नका. रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. मग फोल्डरच्या गुणधर्मांत दोन ठिकाणी या खात्याला परवानगी द्या : 'शेअरिंग'मध्ये आणि 'सिक्युरिटी'मध्ये. या दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते. एकीकडे पूर्ण हक्क आणि दुसरीकडे फक्त वाचण्याचा हक्क दिलात तर फक्त वाचता येईल. फोल्डर उघडतो पण त्यात काही ठेवता येत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा हेच.

मॅकच्या फाइंडरमध्ये कमांड-के दाबून एसएमबी:// पुढे विंडोजचा पत्ता द्या. जुना चुकलेला पासवर्ड आधीच साठवला गेला असेल तर तो कीचेनमधून काढा, नाहीतर मॅक न विचारता तोच पुढे करत राहील. विंडोजवर अशीच जागा म्हणजे 'क्रेडेन्शियल मॅनेजर'. विंडोजची आणखी एक खोड अशी की एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडू देत नाही. तेव्हा १२१९ क्रमांकाची चूक येते. 'नेट यूज * /डिलीट' ही आज्ञा जुन्या जोडण्या तोडते (मॅप केलेले ड्राइव्हही त्यात जातात), मग नव्या नावाने जोडा.

विंडोजवरून मॅकमध्ये शिरायचे असेल तर मॅकवर फाइल शेअरिंग चालू करणे पुरत नाही. त्याच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'विंडोज फाइल शेअरिंग' या मथळ्याखाली तुमच्या खात्यापुढे खूण करून पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो. लिनक्सवरही तसेच. लिनक्सचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड या दोन वेगळ्या वह्या आहेत, 'सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए' आणि पुढे खात्याचे नाव दिल्याशिवाय दुसऱ्या वहीत नाव चढत नाही.

आता 'संस्थे'चे. तो जुना ड्राइव्ह पासवर्डाशिवाय, पाहुणा म्हणून, आत घेत असणार. विंडोज ११ ची प्रो आवृत्ती असा पाहुणा-प्रवेश आता नाकारते, आणि संदेशाची भाषा कचेऱ्यांसाठी लिहिलेली असल्याने घरी वाचणारा चक्रावतो. उपाय ड्राइव्हच्या बाजूने करा : त्याच्या सेटिंग्जमध्ये एक खाते आणि पासवर्ड तयार करून फोल्डर त्याच्या नावे करा. २४एच२ आवृत्तीपासून प्रो विंडोज एसएमबीच्या प्रत्येक पाकिटावर डिजिटल सहीही मागते. ड्राइव्हला सही करता येत नसेल तर जोडणी तुटते. आधी त्याचे फर्मवेअर अद्ययावत करून पाहा. ड्राइव्हला फक्त एसएमबी १ च येत असेल तर त्यातली डिस्क काढून लिनक्सच्या मशीनला जोडणे आणि तिथून शेअर करणे हेच शहाणपणाचे. विंडोजची कुलपे सैल करून हवे ते मिळते, पण एका डबड्यासाठी सगळे घर उघडे पडते.

प्रश्न : वरच्या खोलीत सिग्नल येत नव्हता म्हणून दुसरा राउटर लावला. इंटरनेट दोन्हीकडे मस्त. वरच्या लिनक्स लॅपटॉपवरून खालच्या विंडोजमधल्या फाइली उघडतात, पण खालून वरच्या लॅपटॉपला पिंगही लागत नाही. एकाच दिशेने कसे काय?

उत्तर : दोन्ही मशीनचे पत्ते पाहा. खाली १९२.१६८.१ ने सुरू होणारा आणि वर १९२.१६८.० ने सुरू होणारा, असे काहीसे दिसेल. खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या 'वॅन' (इंटरनेटची केबल लावायच्या) पोर्टमध्ये आहे, त्यामुळे तो राउटर खालच्या घराला इंटरनेटच समजतो आहे. आतून बाहेर जाणाऱ्याला तो वाट देतो, बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो. 'वरून खाली जमते, खालून वर नाही' हे याचे अचूक लक्षण आहे.

वरच्या राउटरमध्ये 'अॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, झाले. नसेल तर हाताने करा, पण क्रम मोडू नका. लॅपटॉप केबलने वरच्या राउटरच्या 'लॅन' (घरातल्या मशिन्ससाठीच्या) पोर्टला लावा आणि त्याच्या पानावर जाऊन त्याचा स्वतःचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा. खालचा राउटर वाटतो त्या पत्त्यांच्या पट्ट्यात हा आकडा येत नाही, एवढे पाहून घ्या. राउटर पुन्हा चालू झाला की नव्या पत्त्यावर आत शिरून 'डीएचसीपी सर्व्हर' (मशिन्सना पत्ते वाटणारी सोय) बंद करा. शेवटी खालून येणारी केबल 'वॅन'मधून काढून 'लॅन'च्या एखाद्या पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी आधी बंद केलेत आणि पत्ता बदलायचा राहिला तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि राउटरच्या पानाकडे जायची वाट बंद होते. तसे झालेच तर लॅपटॉपला हाताने, राउटरच्या त्या वेळच्या पत्त्याच्या मालिकेतला एक मोकळा पत्ता देऊन आत शिरा. डीएचसीपी चालू ठेवूनच केबल 'लॅन'मध्ये घातलीत तर त्याहून वाईट : दोन राउटर दोन तऱ्हेचे पत्ते वाटू लागतात आणि कधी हे मशीन चालते, कधी ते.

दोन्ही राउटरना वाय-फायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल मात्र वेगळे : १, ६ आणि ११ यांतलेच, कारण २० मेगाहर्ट्झ रुंदीवर हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.

प्रश्न : लिनक्स मिंटवर एफस्टॅबमध्ये (सुरू होताना काय काय जोडायचे त्या यादीच्या फाइलीत) ओळ घालून नेटवर्कवरचा फोल्डर जोडला. वाचता येते, पण काही साठवता येत नाही. पासवर्ड बरोबर आहे. शिवाय कधीकधी मशीन सुरू होताना दीड मिनिट अडकून बसते.

उत्तर : सीआयएफएसने (एसएमबीचेच लिनक्समधले नाव) जोडलेल्या फाइलींचा मालक कोण हे सांगितले नाही, तर सहसा त्या रूटच्या, म्हणजे लिनक्सच्या मुख्य प्रशासक खात्याच्या, समजल्या जातात. सर्व्हर तुम्हाला लिहू द्यायला तयार असतो, अडवतो तुमचाच लिनक्स. ओळीतल्या पर्यायांत 'यूआयडी=१०००,जीआयडी=१०००' घाला. पहिल्या खात्याचा क्रमांक बहुधा १००० असतो, 'आयडी' ही आज्ञा देऊन खात्री करा.

अडकून बसण्याचे कारण म्हणजे वाय-फाय लागायच्या आधीच मशीन फोल्डर शोधू लागते. 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' हे दोन पर्याय वाढवा. मग सुरू होताना फोल्डर जोडला जात नाही, तुम्ही तो पहिल्यांदा उघडता तेव्हा जोडला जातो. पासवर्ड एफस्टॅबमध्येच लिहिला असेल तर तो हलवा, कारण ती फाइल मशीनवरच्या कोणालाही वाचता येते. वेगळ्या फाइलीत 'यूझरनेम=' आणि 'पासवर्ड=' अशा दोन ओळी लिहा, बरोबरीच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा न सोडता. फाइलीची परवानगी ६०० करा आणि पर्यायांत 'क्रेडेन्शियल्स=' पुढे तिचा मार्ग द्या. शेअरच्या नावात मोकळी जागा असेल तर एफस्टॅबमध्ये तिच्याऐवजी \०४० लिहावे लागते. अवतरणचिन्हे तिथे चालत नाहीत.

हे सगळे करूनही लिहिता येत नसेल तर दोष सर्व्हरकडे. तो लिनक्स असेल तर 'टेस्टपार्म' चालवून शेअरवर 'रीड ओन्ली' तर नाही ना ते पाहा, आणि फोल्डरच्या वरच्या प्रत्येक फोल्डरला त्या खात्यासाठी 'एक्स' ही परवानगी आहे का तेही. मधल्या एका पायरीवर ती नसली तर आतल्या फोल्डरचे सगळे हक्क फुकट जातात.

प्रश्न : मॅक आणि विंडोज दोन्ही केबलने राउटरला जोडले आहेत. दोन्हींवर गिगाबिट लिहिले आहे. तरी फाइल उतरवताना सेकंदाला ११ मेगाबाइटच्या वर वेग जात नाही.

उत्तर : हा ११ चा आकडाच सगळे सांगतो. १०० मेगाबिटला ८ ने भागले की १२.५ मेगाबाइट, त्यातून नेटवर्कचा स्वतःचा खर्च वजा केला की ११ ते १२ उरतात. म्हणजे वाटेत कुठेतरी जोडणी १०० वर घसरली आहे. गिगाबिटवर ११० च्या आसपास मिळायला हवे. ४० गिगाबाइटच्या फाइलीला एकीकडे एक तास आणि दुसरीकडे सहा-सात मिनिटे, असा हा फरक.

गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठच्या आठ तारा लागतात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात : टोपीतल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा. उरलेल्या चारांपैकी एखादी तुटली किंवा टोपीत नीट बसली नाही तरी जोडणी चालूच राहते, फक्त वेग गुपचूप खाली येतो. म्हणून आधी केबल बदला. कॅट ५ई पुरेशी आहे. जोडणीचा वेग विंडोजवर इथरनेटच्या गुणधर्मांत 'लिंक स्पीड' म्हणून दिसतो, लिनक्सवर 'ईथटूल' सांगतो. राउटरचेही पाहा : बऱ्याच स्वस्त राउटरांचे वाय-फाय वेगवान आणि केबलची पोर्ट मात्र १०० चीच असतात. तसे असेल तर एक छोटा गिगाबिट स्विच घेऊन दोन्ही मशिन्स त्यालाच लावा, त्यांच्यातल्या फाइलींचा राउटरशी संबंधच राहत नाही.

केबल की डिस्क, असा संशय असेल तर आयपर्फ ३ हे साधन बसवा. एका मशीनवर 'आयपर्फ३ -एस', दुसऱ्यावर 'आयपर्फ३ -सी' पुढे पहिल्याचा पत्ता. ते पोर्ट ५२०१ वापरते. यात ९०० मेगाबिटच्या वर आकडा येत असून कॉपी रेंगाळत असेल तर नेटवर्क निर्दोष आहे. दोष डिस्कचा किंवा हजारो बारक्या फाइलींचा. बारक्या फाइली एका झिपमध्ये बांधून पाठवल्या की फरक जाणवतो.

दोन्ही मशिन्स वाय-फायवर असतील तर निम्म्याने वेग कमी होणे गैर नाही, कारण प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जाते : इकडून राउटरकडे, राउटरकडून तिकडे. लॅपटॉपला यूएसबी ३ ची डिस्क लावली की वाय-फाय मंदावते, असे दिसले तर तो भास नव्हे. यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात पडतो. डिस्क लांब तारेने दूर ठेवा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

प्रश्न : मराठीत नावे दिलेल्या फाइली विंडोजवरून लिनक्स सर्व्हरवर टाकताना काही फाइली 'नाव फार मोठे' म्हणून परत येतात. विंडोजवर त्या बिनतक्रार चालतात. शिवाय जुन्या मॅकवरून आरसिंकने (फाइलींच्या प्रती करणाऱ्या साधनाने) आणलेल्या काही फाइली दोन-दोनदा दिसतात, अगदी एकाच नावाने.

उत्तर : पहिली गोष्ट मोजणीची. विंडोज नावातली अक्षरे मोजतो, मर्यादा २५५. लिनक्सची ईएक्सटी ४ फाइलप्रणाली बाइट मोजते, मर्यादा तीच २५५. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर एका बाइटचे, देवनागरी तीन बाइटचे. त्यात काना, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र धरले जातात. 'वार्षिक' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण मोजणीत व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क असे सात, म्हणजे २१ बाइट. एकूण नाव ८५ खुणांच्या आत बसवावे लागते, त्यातून '.पीडीएफ'सारखा शेवट वजा. सांबाच्या सेटिंगने ही मर्यादा हटत नाही, नावेच आखूड करा आणि तपशील फोल्डरच्या नावात न्या.

जुळ्या फाइलींमागे बहुधा 'ऱ' असतो. 'दुसऱ्या तिमाहीचा' मधला ऱ दोन तऱ्हांनी साठवता येतो : एकसंध, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन खुणांत. जुन्या मॅकची एचएफएस प्लस प्रणाली नावे फोडून साठवते, विंडोजवर टाइप केलेले नाव सहसा एकसंध असते. लिनक्स बाइट जुळवून पाहतो, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावे. पडद्यावर मात्र दोन्ही हुबेहूब. लिनक्सवर कॉनव्हीएमव्ही हे साधन 'कॉनव्हीएमव्ही -आर -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी' असे, पुढे फोल्डरचे नाव देऊन चालवा. ते आधी फक्त काय बदलेल ते दाखवते. '--नोटेस्ट' जोडल्यावरच नावे बदलते. त्याआधी जुळ्यांपैकी कोणती प्रत ताजी ते तारखेवरून ठरवून शिळी बाजूला काढा.

प्रश्न : वाय-फाय प्रिंटर मॅकवरून आणि फोनवरून छापतो. विंडोजवर मात्र दर काही दिवसांनी 'ऑफलाइन' होतो. काढून पुन्हा जोडला की चालतो.

उत्तर : विंडोजने तो 'डब्ल्यूएसडी' (डब्ल्यूएस-डिस्कव्हरीने शोधलेल्या) पोर्टवर जोडला असेल. 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधल्या 'पोर्ट्स'मध्ये दिसेल. आधी राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा, म्हणजे तो बदलणार नाही. मग त्याच 'पोर्ट्स'मध्ये 'अॅड पोर्ट', 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडून तो पत्ता द्या. नंतर 'कॉन्फिगर पोर्ट' उघडून 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' समोरची खूण काढा. प्रिंटरने एसएनएमपीच्या (यंत्राची स्थिती विचारण्याच्या पद्धतीच्या) चौकशीला उत्तर दिले नाही की विंडोज त्याला ऑफलाइन ठरवतो, मग तो समोर दिवे लावून बसलेला का असेना.

प्रश्न : मॅक आणि फोनसाठी राउटरमध्ये पत्ते राखून ठेवले होते. तरी पत्ते बदलतात.

उत्तर : ही उपकरणे खासगीपणासाठी खोटा मॅक अॅड्रेस पुढे करतात : अँड्रॉइड १० पासून, आयफोन आयओएस १४ पासून आणि मॅक मॅकओएस सिक्वोयापासून. राउटरला ते नवेच यंत्र वाटते. घरच्या वाय-फायपुरते हे बंद करा. अॅपलच्या नव्या आवृत्त्यांत 'प्रायव्हेट वाय-फाय अॅड्रेस'ला 'फिक्स्ड' केले तरी चालते, फक्त राउटरमध्ये त्या नव्या अॅड्रेससाठी पत्ता पुन्हा राखून घ्या.

सिक्वोयावर आणखी एक पाहा. एखाद्याच अॅपला घरचा सर्व्हर सापडत नसेल आणि फाइंडरला सापडत असेल तर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'लोकल नेटवर्क' या यादीत त्या अॅपचा खटका बंद असेल.

प्रश्न : कामाचा व्हीपीएन चालू केला की घरचा सर्व्हर आणि प्रिंटर गायब होतात.

उत्तर : व्हीपीएन सगळी वाहतूक आपल्या बोगद्यातून नेतो, घरची सुद्धा. त्याच्या सेटिंग्जमध्ये स्थानिक नेटवर्कला मुभा देणारा पर्याय असेल तर चालू करा. तो करडा पडलेला दिसला तर कंपनीच्या संगणक विभागाने तो मुद्दाम बंद ठेवला आहे. त्यांना विचारा, पळवाट शोधू नका.

प्रश्न : विंडोजवर पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो आणि इंटरनेट नाही. बाकीची मशिन्स चालतात.

उत्तर : राउटरकडून पत्ता न मिळाल्याने मशीनने स्वतःच एक घेतला आहे. केबल किंवा वाय-फाय तोडून पुन्हा जोडा, मग 'आयपीकॉन्फिग /रिलीज' आणि 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' द्या. तरी तसाच राहिला तर राउटरमधल्या डीएचसीपीच्या पट्ट्यात पत्ते शिल्लक आहेत का ते पाहा. १०० ते ११० असा तोकडा पट्टा ठेवला असेल तर फोन, टीव्ही आणि पाहुण्यांची उपकरणे मिळून अकरा पत्ते केव्हाच संपतात. तो १०० ते १९९ करा.